‘चार्ज’ : एका शब्दाचे ओझे

आमच्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मला भेटावयास आले. शाळेतील मुले त्यांना ‘मामा’ म्हणत. शिक्षकही तेच म्हणत, आणि मीही तेच म्हणतो. नेहमी हसतमुख असणारा हा माणूस त्या दिवशी उंबऱ्याच्या आत यावयासही कचरत होता. बसा म्हटले तर बसेनात. शेवटी इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, “गुरुजी, माझ्यावर चार्ज हाय म्हणत्यात. आता मला आत घालतील काय ओ?”

मी चकित झालो. चाळीस वर्षे ज्या माणसाने शाळेची तांब्याभर वस्तूही इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्याच्यावर कसला चार्ज? “कोण म्हणतं, मामा?” असे विचारता त्यांनी हकीकत सांगितली. घराचे छप्पर बदलण्यासाठी कर्ज मिळते काय हे पाहावयास ते एका बँकेत गेले होते. तेथील कारकुनाने त्यांच्या शेताचा उतारा पाहिला आणि न पाहिल्यासारखा परत करीत म्हटले, “मामा, तुमच्यावर चार्ज दिसतोय. आधी तो क्लिअर करा, मग या.” एवढे बोलून तो पुढच्या माणसाकडे वळला.

आदल्या वर्षी बांधावरून शेजाऱ्याशी त्यांची बोलाचाली झाली होती. त्याने पोलिसांत तक्रार दिली असावी, चार्जशीट झाले असावे, आणि त्याची खबर बँकेपर्यंत पोहोचली असावी, असा मामांनी समज करून घेतला. आठ दिवस त्यांनी घरात कोणाला काही सांगितले नाही. देवळातल्या भजनाला जाणे सोडले. रस्त्यात खाकी कपडा दिसला की ते गल्ली बदलीत. मुलगी माहेरपणाला यावयाची होती, तिला काहीतरी निमित्त काढून ‘आत्ता येऊ नको’ असा निरोप धाडला.

मी त्यांच्या हातातील उतारा पाहिला. त्यात गुन्ह्याचे नाव नव्हते. पुतण्याने काही वर्षांपूर्वी सोसायटीतून कर्ज काढले होते, त्याला मामांनी आपली जमीन तारण दिली होती, आणि त्या कर्जाची नोंद उताऱ्यावर तशीच राहिली होती. आपल्या भागातील कोणताही शेतकरी ज्याला ‘बोजा’ म्हणतो, तो हा बोजा होता. कारकुनाने ‘जमिनीवर बोजा आहे’ एवढे मराठीत म्हटले असते, तर त्या वृद्ध माणसाच्या आठ रात्रींची झोप उडाली नसती.

मामा गेल्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलो. कारकून खोटे बोलला नव्हता. इंग्रजीत जमिनीवरील बोजाला ‘चार्ज’च म्हणतात. मामांनीही चुकीचे ऐकले नव्हते. फौजदारी आरोपालाही ‘चार्ज’च म्हणतात. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते आणि चूक घडली ती त्या दोघांच्या मधल्या शब्दात. हा शब्द आहे तरी कसा, तो कोठून आला आणि किती कामे करतो, हे एकदा नीट पाहावे असे मनात आले. त्या शोधातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपल्या घरातला ‘चार्ज’

इंग्रजीत हा शब्द नामही आहे आणि क्रियापदही आहे. मराठीत तो नाम म्हणून आला आणि ‘करणे, घेणे, देणे, लावणे, होणे’ या आपल्या क्रियापदांच्या खांद्यावर बसून घरोघर फिरू लागला. सकाळी उठल्याबरोबर नातू विचारतो, “आजोबा, माझा फोन चार्जला कोणी लावला नाही का?” वर्तमानपत्र उघडावे तो कोठेतरी मोर्चावर लाठीचार्ज झालेला असतो आणि कोणाविरुद्ध तरी चार्जशीट दाखल झालेले असते. दहा वाजता कचेरीत गेलो की नव्या साहेबांनी चार्ज घेतलेला असतो. ते येईपर्यंत दुसरे कोणीतरी ‘इनचार्ज’ असतात. दुपारी टपालाने येणाऱ्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ असतो, आणि संध्याकाळी दवाखान्यातून शेजाऱ्यांना ‘डिस्चार्ज’ मिळाल्याची वार्ता येते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत या एका शब्दाची सात रूपे आपल्या दारावरून जातात, आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे आपल्या मनातही येत नाही.

वस्तुतः ती सातही रूपे एकाच घरची भावंडे आहेत.

एका बैलगाडीपासून

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे एक गाडी आहे. प्राचीन काळी आजच्या फ्रान्सच्या भूमीत गॉल लोक राहत. सामान वाहून नेण्याची त्यांची गाडी प्रसिद्ध होती. रोमन लोकांनी ती गाडी घेतली आणि तिचे नावही घेतले. लॅटिनमध्ये ती ‘कार्रुस’ झाली. इसवी सनापूर्वी ५८ साली हेल्वेशियन लोक देशांतराला निघाले, तेव्हा त्यांनी मिळतील तितक्या गाड्या आणि जनावरे विकत घेतली असे ज्यूलियस सीझरने आपल्या युद्धवृत्तान्तात नमूद केले आहे. तेथे त्याने वापरलेला शब्द हाच. उत्तरकालीन लॅटिनमध्ये या गाडीच्या नावापासून ‘कार्रिकारे’ असे क्रियापद झाले. अर्थ अगदी साधा : गाडी भरणे, गाडीवर ओझे लादणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे रूप ‘शार्जे’च्या जवळ गेले, आणि १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर जे शेकडो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले त्यांच्या मागोमाग तेराव्या शतकात हाही शब्द ‘चार्ज’ होऊन तेथे स्थायिक झाला.

या गाडीची आणखी कितीतरी लेकरे आहेत. रस्त्यावर धावणारी ‘कार’ ही तिची थेट वंशज. ‘कॅरी’ म्हणजे वाहून नेणे हे तिचेच क्रियापद. जहाजावरचा माल तो ‘कार्गो’. हा शब्द स्पॅनिश भाषेतून आला. व्यंगचित्राला इंग्रजीत ‘कॅरिकेचर’ म्हणतात. तो इटालियन भाषेतून आलेला शब्द आहे, आणि त्याच्या मुळाशीही ‘जास्त भार लादणे’ हाच अर्थ आहे. नाक थोडे लांब असेल तर चित्रात त्यावर दुप्पट लांबीचे ओझे टाकावयाचे, म्हणजे व्यंगचित्र झाले. आज प्रत्येक पालकाच्या तोंडी असलेले ‘करिअर’सुद्धा मुळात या गाडीच्या जाण्याचा रस्ता होते. मुलाचे ‘करिअर’ म्हणताना आपण गाडीवाटेविषयी बोलत आहो हे कोणाच्या ध्यानात येते!

तेव्हा ‘चार्ज’ या शब्दाचा गाभा म्हणजे ओझे, आणि तेही आपोआप पडलेले नव्हे, कोणीतरी कोणावर तरी लादलेले. हे एकदा ध्यानात धरले की पुढचे सर्व अर्थ सहज उलगडतात.

जबाबदारीचे ओझे

पहिली शाखा जबाबदारीची. एखादे काम माणसावर सोपविले म्हणजे त्याच्या खांद्यावर ओझे ठेवले. मी या शाळेचा चार्ज घेतला तेव्हा माझ्यासमोर एक यादी ठेवण्यात आली. बाके इतकी, फळे इतके, कपाटे इतकी, पितळी घंटा एक, भिंतीवरील नकाशे चार. मी प्रत्येक वस्तू मोजून पाहिली, कारण सही केल्या क्षणापासून ते ओझे माझे होते. नकाशे चार होते खरे, परंतु त्यांतील एकाची दक्षिण दिशा वाळवीने खाल्ली होती. तसे शेरा म्हणून लिहून घेतले आणि मगच सही केली. त्या यादीत एका गोष्टीची नोंद नव्हती, ती म्हणजे शाळेत शिकणारी मुले. गंमत अशी की जुन्या इंग्रजीत शिक्षकाच्या वा दाईच्या स्वाधीन केलेल्या मुलालाही ‘चार्ज’च म्हणतात. बाकांचा चार्ज मी सहीने घेतला. मुलांचा मात्र सही न करता माझ्याकडे आला, आणि तोच अधिक जड आहे.

येथे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी एक सूचना करावीशी वाटते. ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ या दोन शब्दप्रयोगांत फरक केवळ एका ‘द’ या उपपदाचा आहे. परंतु अर्थ नेमका उलटा होतो. ‘परिचारिका मुलाच्या इन चार्ज आहे’ म्हणजे ती मुलाला सांभाळते. तेथे ‘द’ घातला की मूलच परिचारिकेला सांभाळू लागते! उमेदवारांच्या अर्जांत ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. मराठीत अशी गफलत होत नाही, कारण ‘तिच्या ताब्यात’ आणि ‘तिचा ताबा घेणे’ ही रूपे कानालाच वेगळी लागतात.

आरोपाचे ओझे

दुसरी शाखा दोषाची. कोणाच्या माथी दोष ठेवला की तेही एक ओझेच. म्हणूनच इंग्रजीत ‘चार्ज विथ’ हा एकच प्रयोग दोन्हीकडे चालतो; कर्तव्य सोपविले तरी तोच आणि गुन्ह्याचा आरोप ठेवला तरी तोच. सरकारी नोकराला याची कल्पना असते. ज्या दिवशी तो चार्ज घेतो त्या दिवसापासून त्याला चार्जशीट मिळण्याची शक्यता सुरू होते.

फौजदारी कायद्यात या शब्दाचे दोन टप्पे आहेत आणि सामान्य वाचक ते एकच समजतो. तपास पूर्ण झाल्यावर पोलीस न्यायालयाला जो अहवाल सादर करतात त्याला बोलीत चार्जशीट, मराठीत आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र म्हणतात. शेजारच्या कन्नडमध्ये तिला ‘आरोपपट्टी’ म्हणतात. तथापि तेवढ्याने न्यायालयाचा ‘चार्ज’ होत नाही. कागदपत्रे पाहून, खटला चालविण्यासारखे काही आहे असे न्यायाधीशांना वाटले, तर ते स्वतः दोषारोप निश्चित करतात. आणि वाटले नाही, तर त्या टप्प्यावरच आरोपीला मुक्त करतात. या मुक्ततेला इंग्रजीत ‘डिस्चार्ज’ म्हणतात. खटला पूर्ण चालून निर्दोष सुटणे ही याहून वेगळी गोष्ट.

यासंबंधी कायद्यातील एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. दोषारोप न्यायालयाच्या भाषेत लिहिला पाहिजे, आणि तो आरोपीला वाचून दाखवून समजावून सांगितला पाहिजे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तेच तत्त्व कायम आहे. ज्याच्यावर खरोखरच गुन्ह्याचा आरोप आहे त्याला तो समजावून सांगण्याचे बंधन न्यायाधीशावर आहे. ज्याने कोणताही गुन्हा केला नाही अशा मामांना मात्र त्यांच्यावरील ‘चार्ज’ काय आहे हे समजावून सांगावे, असे कोणाला वाटले नाही.

पैशाचे ओझे

तिसरी शाखा पैशाची. एखाद्या वस्तूसाठी वा सेवेसाठी जी रक्कम आपल्यावर लादली जाते ती चार्ज. येथे मराठीजवळ किती नेटके शब्द आहेत पाहा. महाराष्ट्रातील वीजबिलावर ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ असे छापलेले असते. ‘आकार’ म्हणजे रूप एवढेच आपण समजतो. पण आकारणी, आकारणे या महसुलातील जुन्या शब्दांत बसविलेल्या रकमेचा अर्थ पूर्वीपासून आहे. मूळ रकमेवर आणखी लादली तर ‘अधिभार’, कामाबद्दल घेतली तर ‘शुल्क’, वाहनाबद्दल दिली तर ‘भाडे’, हमालाला दिली तर ‘हमाली’, दळणाला दिली तर ‘दळणावळ’. या प्रत्येक शब्दात पैसा कशाबद्दल दिला ते सांगितलेले आहे. ‘चार्ज’ म्हटले की ते कळत नाही. बिलावर ‘इतर चार्जेस’ असे लिहिलेले दिसले की ग्राहकाने थोडे थांबून कशाचे म्हणून विचारावे, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

याच शाखेत जमिनीचा चार्ज येतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या शंभराव्या कलमात त्याची व्याख्या आहे. एखाद्याची स्थावर मालमत्ता दुसऱ्याचे पैसे फेडले जावेत म्हणून हमी ठरविली जाते, परंतु ते गहाण होत नाही, तेव्हा त्या मालमत्तेवर ‘चार्ज’ आहे असे म्हणतात. इंग्रजांच्या कायद्याने जे चार ओळींत सांगितले ते आपल्या शेतकऱ्याने ‘बोजा’ या दोन अक्षरांत सांगितले. आणि तो शब्दशः योग्य अनुवाद आहे; चार्ज म्हणजे ओझे, बोजा म्हणजेही ओझे. हा शब्द कोणा पंडिताने बसून तयार केलेला नाही.

चढाई, दारू आणि वीज

चौथी शाखा रणांगणाची. भाला वा बंदूक मारण्याच्या तयारीत धरणे यालाही ‘चार्ज’ म्हणत. त्यावरून त्या तयारीने शत्रूच्या अंगावर धावून जाणे असा अर्थ आला. आपल्याकडे त्याला चढाई, हल्ला, आणि निकराचा असेल तर ‘एल्गार’ असे शब्द आहेत. इतिहासातील अशी सर्वांत प्रसिद्ध चढाई क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे झाली. शत्रू तोफा घेऊन जात आहे, त्याला रोखा, असा आदेश इंग्रज सेनापती लॉर्ड रॅग्लन यांनी टेकडीवरून धाडला. त्यांच्या नजरेसमोर एका बाजूच्या तोफा होत्या. खाली दरीत असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना त्या दिसतच नव्हत्या, त्यांना दिसत होत्या दरीच्या टोकाशी असलेल्या शत्रूच्या सज्ज तोफा. ‘कोणत्या तोफा?’ याचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही, आणि सुमारे ६७० घोडेस्वार तीन बाजूंनी होणाऱ्या माऱ्यात सरळ घुसले. शंभरांहून अधिक माणसे मारली गेली. टेनिसनने त्याच वर्षी त्यावर लिहिलेली कविता आपल्यातील अनेकांनी शाळेत अभ्यासली असेल. त्या कवितेत शौर्याचे वर्णन आहे. पण त्या शौर्यावर वेळ आली ती एका मोघम आदेशामुळे.

लाठीचार्ज हा शब्द याच शाखेचा. कन्नड वर्तमानपत्रे ‘लाठीप्रहार’ लिहितात, मराठी वर्तमानपत्रे ‘लाठीमार’. सीमाभागातील वाचकांना त्याचा अर्थ कोशातून सांगण्याची आवश्यकता नाही.

पाचवी शाखा भरण्याची. बंदुकीत किंवा सुरुंगात दारू ठासून भरली की तो तिचा चार्ज झाला. आपल्याकडे ‘बार भरणे’ असे म्हणतात. आणि फारसीत ‘बार’ म्हणजे ओझेच. वाण्याच्या दुकानातील ‘बारदान’ त्याच फारसी शब्दापासून आले आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन विजेचे प्रयोग करीत होता. काचेच्या बरणीत वीज साठविण्याची युक्ती तेव्हा नुकतीच निघाली होती. तोफ भरावी तशी ही बरणी विजेने भरली जाते, म्हणून त्याने ‘चार्ज’ हा शब्द विजेला लावला, आणि अशा बरण्यांच्या रांगेला तोफांच्या रांगेचे ‘बॅटरी’ हे नाव दिले. आज आपण ‘बॅटरी चार्ज कर’ म्हणतो तेव्हा शब्दांपुरती तरी एक तोफखान्याची रांग दारूने भरीत असतो! अधिक आणि उणे या खुणाही विजेला त्यानेच लावल्या. शास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्यांना धनप्रभार आणि ऋणप्रभार म्हणतात. ऋण म्हणजे कर्ज. म्हणजे विजेच्या पाठातही सावकार आणि बोजा यांची सावली आहेच.

आणि हे ओझे उतरले की ‘डिस्चार्ज’. रुग्ण घरी जातो, सैनिक सेवेतून मोकळा होतो, आरोपी सुटतो, बॅटरी उतरते, आणि पावसाळ्यात हिडकल धरणाचे दरवाजे उघडले की वर्तमानपत्रात पाण्याचा ‘विसर्ग’ छापला जातो. पाच जागी मराठीत पाच शब्द, इंग्रजीत एकच.

आपला ‘भार’

इतके पाहून झाल्यावर मला जे जाणवले ते सांगतो. आपल्या भाषेने हेच सर्व काम ‘भार’ या एका शब्दाकडून करून घेतलेले आहे. अधिकार स्वीकारला तो पदभार किंवा कार्यभार. तात्पुरता असेल तर प्रभार, आणि तो सांभाळणारा प्रभारी. कर्नाटकातील कन्नड कचेऱ्यांतही हाच ‘प्रभारी’ आहे. जादा रक्कम तो अधिभार. विजेचा तो विद्युतप्रभार. दुसऱ्याने केलेल्या उपकारांचे ओझे मान्य करणे ते आभार. रोमन माणसाने गाडीवरून जो प्रवास केला तोच संस्कृतने ‘भृ’ या धातूवरून केला. या धातूचा अर्थ वाहणे, पोसणे. भर्ता, भार्या, भृत्य ही सर्व त्याची संतती. विशेष म्हणजे इंग्रजीतील ‘बेअर’ म्हणजे वाहणे आणि ‘बर्डन’ म्हणजे ओझे हे शब्द याच ‘भृ’चे दूरचे आप्त आहेत. म्हणजे इंग्रजीचा स्वतःचा शब्द ‘बर्डन’, तो आपल्या भाराच्या गोतावळ्यातला. आणि ‘चार्ज’ हा तिनेही गॉल, रोमन आणि फ्रेंच यांच्याकडून उसना घेतलेला. तेव्हा उसना शब्द घेण्यात कमीपणा आहे असे मी म्हणणार नाही. ज्याने घेतला त्याने तो ओळखून वापरावा, एवढेच.

बोलीत तर आपण भाराच्याही पुढे गेलो आहो. युरोपात ओझे गाडीवर, आपल्याकडे ते माणसाच्या अंगावर. म्हणून काम अंगावर पडते, बाकी अंगावर राहते, दोष माथी येतो, कर्ज डोक्यावर होते, जबाबदारी खांद्यावर येते, आणि मारका बैल अंगावर धावून येतो. इंग्रजीतील चार्ज या शब्दाचा एकही अर्थ असा नाही की जो ‘अंगावर’ आणि ‘माथी’ या दोन शब्दांच्या साहाय्याने एखाद्या अडाणी समजल्या जाणाऱ्या आजीबाईला सांगता येणार नाही.

मग ‘चार्ज’ म्हणण्याने बिघडते काय, असा प्रश्न कोणी विचारील. फोन चार्जला लावण्याने काहीच बिघडत नाही. तेथे वस्तू नवी आहे, शब्द नवा आहे, आणि सांगणारा-ऐकणारा दोघांनाही तो एकाच अर्थाने ठाऊक आहे. तेथे ‘प्रभारित करा’ म्हणणारा माणूस हास्यास्पद ठरेल. बिघडते ते जेथे ऐकणाऱ्याला अनेक अर्थांतून एक निवडावा लागतो आणि चुकीच्या निवडीची किंमत त्यालाच मोजावी लागते. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. आपल्या कचेरीची भाषा एक, बाजाराची दुसरी, घराची तिसरी. या तीन भाषांच्या फटींत ‘चार्ज’सारखे शब्द सर्वांना सोयीचे वाटतात, कारण ते कोणाचेच नसल्याने सर्वांचे वाटतात. पण बोलणाऱ्याची सोय ती ऐकणाऱ्याची सोय असतेच असे नाही. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्याने ‘बोजा आहे’, ‘आरोप आहे’, ‘रक्कम भरावी लागेल’, ‘जबाबदारी तुमच्याकडे आहे’ यांतील नेमके वाक्य उच्चारावे. त्यासाठी पंडित होण्याची गरज नाही.

आता मामांची हकीकत पुरी करतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर सोसायटीत गेलो. पुतण्याने कर्ज केव्हाच फेडले होते. परंतु बेबाकीचा दाखला मागितला नव्हता आणि सोसायटीने आपणहून दिला नव्हता. तो मिळविला, अर्ज केला, फेरफाराच्या नोंदीसाठी तीन वेळा खेटे घातले, आणि सुमारे दीड महिन्याने उताऱ्यावरील ती ओळ गेली. ज्या वाचकांनी कधी कोणाला तारण दिले असेल त्यांनी कर्ज फिटल्यावर स्वतः जाऊन हा दाखला घ्यावा आणि नोंद कमी झाल्याचा नवा उतारा आपल्या डोळ्यांनी पाहावा. कर्ज फिटले म्हणजे बोजा उतरलाच असे होत नाही. कागदावरचे ओझे कागदावरूनच उतरवावे लागते.

नवा उतारा घेऊन मामा शाळेत आले. मी तो वाचून दाखविला आणि गंमतीने म्हटले, “मामा, आता तुमच्यावर चार्ज नाही.”

“तो शब्द नको गुरुजी,” ते म्हणाले. “उतरला म्हणा की.”

मुलगी नंतर माहेरपणाला आली. घरी परत जाताना वाटेत ती शाळेतही येऊन गेली. आपल्याला ‘येऊ नको’ असा निरोप का आला होता, ते तिला अजूनही कोणी सांगितलेले नाही.